शंखपुष्पी, पिप्पली आणि फेनिटोइन : दोन चिठ्ठ्यांचा संयोग

अमरावती विभागीय मंडळाच्या बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्याच्या महिना-दीड महिना आधीपासून आमच्या जठारपेठेतील मेडिकलच्या काउंटरवर शंखपुष्पी सिरपच्या बाटल्या मागच्या फळीवरून पुढच्या फळीवर येतात. अकोला हे आता शिकवणीवर्गांचे गाव झाले आहे. पातूर, बाळापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांतून मुले येथे खोली घेऊन राहतात. आईवडील भेटीला येतात आणि जाताना एक बाटली हातात देऊन जातात. चिठ्ठी कोणी मागत नाही. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही. त्यामुळे हीच बाटली किराणा दुकानातही मिळू शकते.

यात आक्षेपार्ह असे काही नाही. चरकाचार्यांनी जी चार मेध्य रसायने सांगितली त्यांत मंडूकपर्णी, यष्टीमधु आणि गुडूची यांच्या बरोबरीने शंखपुष्पी आहे, आणि तिला त्यांनी विशेष मेध्य म्हटले आहे. प्रश्न बाटलीचा नाही, बाटली कोणाच्या हाती पडते याचा आहे. अपस्माराचे प्रमाण आपल्या देशात सर्वसाधारणपणे हजारी पाचच्या आसपास धरले जाते. म्हणजे शिकवणीसाठी आलेल्या दर हजार मुलांत चार-पाच मुले अशी असणार, की जी रोज रात्री कोणालाही न सांगता फिटची गोळी घेतात. त्यांपैकी अनेकांची गोळी आजही फेनिटोइनचीच असते. ते जुने आहे, स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अशा मुलासाठी शंखपुष्पीचे सिरप ही केवळ बुद्धिवर्धक बाटली राहत नाही. ती त्याच्या चिठ्ठीतील दुसरे औषध होते, आणि या दुसऱ्या औषधाची खबर पहिली चिठ्ठी लिहिणाऱ्याला नसते.

परळची नोंद

या विषयावरील सर्वांत महत्त्वाची नोंद परदेशातील नाही, आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालय व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागातील दांडेकर, चंद्रा, दळवी, क्षीरसागर प्रभृतींनी १९९२ मध्ये 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. फेनिटोइनवर असलेल्या दोन रुग्णांनी शंखपुष्पीचे सिरप सुरू केले आणि त्यांच्या झटक्यांवरील नियंत्रण सुटले, असे निदर्शनास आले. रुग्ण दोनच होते. परंतु तेथील मंडळींनी ही बाब योगायोग म्हणून सोडून दिली नाही. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले.

त्या प्रयोगांतून तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्ही आपण वैद्यांनी नीट समजून घ्याव्यात अशा आहेत. पहिली ही की, सिरपची एकच मात्रा फेनिटोइनबरोबर दिली असता रक्तातील फेनिटोइनची पातळी बदलली नाही, तरीही त्याची झटके रोखण्याची शक्ती लक्षणीय कमी झाली. दुसरी, काही दिवस सतत दोन्ही औषधे दिली असता शक्ती तर घटलीच, शिवाय रक्तातील पातळीही उतरली. तिसरी गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी आहे. हे सिरप एकटे दिले तेव्हा त्यात झटके रोखण्याचा गुण आढळला.

म्हणजे दोन औषधे, दोन्ही स्वतंत्रपणे एकाच व्याधीवर उपयुक्त, आणि एकत्र आली की एकमेकांचे काम बिघडवणारी. सामान्य माणसाचा हिशोब असा असतो, की एकाने चार आणे गुण येतो, दुसऱ्याने चार आणे, तर दोन्ही मिळून आठ आणे यावा. औषधांचा हिशोब तसा चालत नाही. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास हे नवीन वाटू नये. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, रसविमानात, आहारविधीच्या आठ विशेष आयतनांत 'संयोग' हे स्वतंत्र आयतन सांगितले आहे. आणि दोन द्रव्ये एकत्र आल्यावर जो विशेष उत्पन्न होतो तो सुट्या द्रव्यांत नसतो, असा त्याचा आशय आहे. मध व तूप यांचे उदाहरण आपण पहिल्या वर्षापासून पाठ म्हणत आलो आहोत. ते उदाहरण स्वयंपाकघरापुरतेच आहे असे मात्र आपण उगाच मानून बसलो.

दोन रुग्ण आणि काही उंदीर एवढ्यावरून शंखपुष्पीला दोषी ठरवायचे काय, असा आक्षेप आमच्या काही व्यवसायबंधूंकडून येतो. आक्षेपात तथ्य आहे. ज्या सिरपची ही नोंद आहे ते एकट्या शंखपुष्पीचे नव्हते. त्यात शंखपुष्पी, जटामांसी, मंडूकपर्णी, गावजबान अशा सहा वनस्पती होत्या, आणि सहांपैकी कोणती याला कारण ठरली हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. त्यात पुन्हा शंखपुष्पी म्हणजे नेमकी कोणती, हा आपल्या घरचाच जुना वाद. आयुर्वेदीय औषधिसंहितेने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती ग्राह्य धरली आहे. पण बाजारात विष्णुक्रांता त्याच नावाने येते, केरळात गोकर्णमूळ वापरतात, बंगालात आणखी वेगळीच वनस्पती. बाटलीवर 'शंखपुष्पी' एवढेच वाचून आत काय आहे हे कळत नाही. घटकांची यादी वाचावी लागते, आणि ती फार बारीक टाइपात असते.

परंतु आक्षेप मान्य करूनही व्यवहार बदलत नाही. एका बाजूला स्मरणशक्तीचे एक सिरप आहे, जे न घेतल्याने कोणाचे काही अडत नाही. दुसऱ्या बाजूला एक झटका आहे. तो पाण्याने भरलेल्या विहिरीच्या काठावर येऊ शकतो, पेटलेल्या चुलीपुढे येऊ शकतो, मोटारसायकल चालवताना येऊ शकतो. अशा ठिकाणी दोन रुग्णांची नोंदही आम्हांला पुरेशी वाटते.

यात आणखी एक गुंता आहे. परीक्षेच्या दिवसांत मूल रात्र-रात्र जागते, आणि जागरण हे स्वतःच झटक्याचे एक ज्ञात कारण आहे. त्यामुळे झटका आला की घरचे म्हणतात अभ्यासाचा ताण आला, खोलीवरचे मित्र म्हणतात जागरण झाले, मेंदुविकारतज्ज्ञ म्हणतात गोळी चुकली असेल. तिघांचेही म्हणणे खरे असू शकते. खिडकीत ठेवलेल्या बाटलीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती औषधांत मोजलीच जात नाही. "ते तं आयुर्वेदिक हाय जी, त्यानं काय होते?" हे वाक्य आमच्या दवाखान्यात आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते आम्हांला आपल्या शास्त्राची स्तुती वाटत नाही, निंदाच वाटते. ज्याने काहीच होत नाही ते औषध कसले?

फेनिटोइनचा स्वभाव

याच एका औषधाविषयी एवढी काळजी का, हे कळण्यासाठी त्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. १९०८ मध्ये जर्मनीत बिल्ट्झ यांनी हे द्रव्य तयार केले. त्याचा झटक्यांवरील उपयोग १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी दाखविला. रक्तात त्याची पातळी दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम एवढ्याच पट्ट्यात असावी लागते. त्याखाली झटके येण्याचा धोका. वर गेली की प्रथम डोळ्यांची बुबुळे बाजूस पाहताना थरथरतात, मग चालताना तोल जातो, जीभ जड होते, आणि पातळी फारच चढली तर बुद्धिभ्रंशासारखी अवस्था होते.

हा पट्टा मुळातच अरुंद, आणि त्यात यकृताची याचे विघटन करण्याची ताकद मर्यादित. बहुतेक औषधांची मात्रा सव्वापट केली तर रक्तातील पातळी साधारण सव्वापटच होते. फेनिटोइनचे तसे नाही. यकृतातील विकरे एकदा पूर्णपणे गुंतली, की मात्रेतील लहानशी वाढ पातळीत मोठी उडी घेऊन येते. रोज ३०० मिलिग्रॅमवर उत्तम असलेला रुग्ण ४०० मिलिग्रॅमवर विषाक्त होऊ शकतो. उतरतानाही तीच कथा. ज्या विकरांवर हा सारा भार असतो त्यांना चेतविणारे किंवा अडविणारे कोणतेही दुसरे द्रव्य आले, की तोल गेलाच.

ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास एक विलक्षण प्रकार घडला. फेनिटोइनच्या कॅप्सूलवर व्यवस्थित असलेले अनेक रुग्ण विषाक्ततेची लक्षणे घेऊन येऊ लागले. मात्रा तीच, चिठ्ठी तीच. शोध घेता असे आढळले, की कॅप्सूल भरण्यासाठी वापरले जाणारे निष्क्रिय द्रव्य उत्पादकाने बदलले होते. आधी कॅल्शियम सल्फेट होते, त्याऐवजी दुग्धशर्करा घालण्यात आली. कॅल्शियम सल्फेट फेनिटोइनचा काही भाग अडवून ठेवीत होते. ते जाताच सगळे औषध रक्तात उतरू लागले.

कॅल्शियम सल्फेट म्हणजे काय, हे वैद्यवाचकांच्या ध्यानात आलेच असेल. खनिजरूपात तीच आपली गोदंती. शिरःशूल व ज्वर यांवर आपण ज्या गोदंती भस्माच्या पुड्या नित्य बांधतो, तेच द्रव्य तिकडे कॅप्सूलमध्ये बसून फेनिटोइनला आवर घालीत होते. फिटच्या रुग्णाचे डोके दुखते म्हणून गोदंती द्यायची असल्यास ती गोळीच्या वेळी देऊ नये, दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. शंखभस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळ यांनाही हेच लागू करावे. ती सारी कॅल्शियमयुक्त द्रव्ये होत, आणि कॅल्शियमयुक्त आम्लशामकांनी फेनिटोइनचे शोषण घटते हे आधुनिक ग्रंथांत नोंदलेले आहे. अनुपानाचा विचार आपल्याकडे किती सूक्ष्म आहे हे आपण व्याख्यानांत सांगतो. तो रुग्णाच्या दुसऱ्या चिठ्ठीलाही लावला पाहिजे.

पिप्पली उलट दिशेने ओढते

शंखपुष्पीचे सिरप पातळी उतरविते, तर आपल्याच पेटीतील दुसरे द्रव्य ती चढविते. ते द्रव्य म्हणजे पिप्पली. मरिच तिच्याच कुळातले.

१९७९ ते १९८१ या काळात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन) डॉ. सी. के. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : आपल्या इतक्या योगांत त्रिकटु का असते? प्रयोगांती त्यांना दिसले, की पिप्पलीतील पायपेरिन हे द्रव्य बरोबरच्या औषधाचे शोषण वाढविते आणि त्याचे विघटन लांबविते. पुढे या संशोधनातूनच क्षयावरील एक गोळी तयार झाली आणि २००९ मध्ये भारतीय बाजारात आली. तिच्यात रिफाम्पिसिन नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅम आणि त्याच्या जोडीला १० मिलिग्रॅम पायपेरिन आहे. रिफाम्पिसिनची मात्रा निम्म्याहून खाली आणण्याइतके बळ या लहानशा भागात आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

हेच बळ फेनिटोइनवरही चालते. १९८७ मध्ये निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यानंतर फेनिटोइनचे शोषण वेगाने झाले आणि ते शरीरात अधिक काळ टिकले. नवी दिल्लीच्या 'एम्स'मधील मंडळींनी तर मिरपूड घातलेले सूप व न घातलेले सूप असा भेद करून पाहिला. मिरपुडीच्या सूपाबरोबर फेनिटोइनची पातळी अधिक राहिली. चंडीगडच्या पदव्युत्तर संस्थेत २००६ मध्ये प्रत्यक्ष अपस्माराच्या रुग्णांत एकाच २० मिलिग्रॅम मात्रेने पातळी वाढल्याचे आढळले, आणि पुढे कार्बामाझेपिनबाबतही तसेच दिसले.

२० मिलिग्रॅम पायपेरिन म्हणजे आपल्या मात्रेत किती, हे काढून पाहू. सितोपलादि चूर्णात सितोपला १६, वंशलोचन ८, पिप्पली ४, वेलची २ व दालचिनी १ असे एकूण ३१ भाग. तीन ग्रॅम चूर्णात पिप्पली सुमारे ०.३९ ग्रॅम. पिप्पलीत पायपेरिन चार टक्के धरले तर एका मात्रेत सुमारे १५ मिलिग्रॅम, आणि दिवसातून तीन वेळा दिल्यास ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. खोकल्याच्या रुग्णाला आपण डोळे मिटून जे चूर्ण देतो, त्यात प्रयोगातील दैनिक मात्रेच्या दुप्पट पायपेरिन सहज भरते. त्रिकटूची गोष्टच नको. एक ग्रॅम त्रिकटूतही मरिच व पिप्पली मिळून २० मिलिग्रॅमच्या पुढेच आकडा जातो. हे अंदाज आहेत, द्रव्याच्या प्रतीनुसार कमी-जास्त होतील, पण वजनाची कल्पना यावी एवढ्यासाठी ते मांडले.

आणि येथेही रसविमानच आठवते. ज्या अध्यायात संयोग सांगितला त्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अति प्रमाणात वापरू नयेत असे बजावले आहे, आणि पिप्पलीला तेथेच योगवाही म्हटले आहे. योगवाही द्रव्य सोबतच्या औषधाचे वाहन होते. सोबतचे औषध जर असे असेल की ज्याची मात्रा थोडी चढली तरी विष होते, तर वाहनाचा वेग हाच धोका. ग्रंथकारांपुढे फेनिटोइन नव्हते, पण नियम त्यांनी सांगून ठेवला होता.

तिसरी चिठ्ठी

हे केवळ आयुर्वेद आणि ॲलोपॅथी यांच्यातलेच भांडण आहे असा कोणाचा समज होऊ नये. दोन आधुनिक औषधांतही हेच घडते, आणि त्यातले सर्वांत जुने उदाहरण आपल्या वऱ्हाडात घरोघरी भेटणाऱ्या व्याधीचे आहे. क्षयावरील आयसोनियाझिड फेनिटोइनचे विघटन रोखते. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिडचे रूपांतर मंदगतीने होते (आणि असे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत) त्यांच्यात फेनिटोइन विषाक्त पातळीपर्यंत चढू शकते. त्याच उपचारातील रिफाम्पिसिन उलट दिशेने, म्हणजे विघटन वाढविण्याकडे ओढते. कोणाचे पारडे जड होईल ते रुग्णागणिक ठरते.

आता पुढील रुग्ण डोळ्यांपुढे आणावा. फिटची गोळी अनेक वर्षांपासून चालू. क्षयाचे निदान झाले म्हणून शासकीय केंद्रातून गोळ्या सुरू. खोकला थांबत नाही म्हणून तो आपल्याकडे येतो, आणि आपण सितोपलादि मधातून लिहून देतो. तीन चिठ्ठ्या, तीन लिहिणारे, एक यकृत. तीन आठवड्यांनी हा रुग्ण चक्कर येते, चालताना झोक जातो, बोलणे अडखळते अशी तक्रार घेऊन येतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आला. ज्याला फेनिटोइनची माहिती नाही तो वैद्य यात वातप्रकोप पाहील आणि बल्य औषधे वाढवील; कदाचित त्यांतही पिप्पली असेल. येथे पहिले काम नाडी पाहण्याचे जरूर आहे, पण त्याबरोबर रुग्णास आपल्या बोटाकडे डावी-उजवीकडे पाहावयास सांगावे. बुबुळे थरथरत असतील तर रक्तातील फेनिटोइनची पातळी तपासून घेण्याविषयी त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना कळवावे.

इतर जोड्यांचा विस्तार येथे करीत नाही. गुग्गुळाचा अर्क एकदाच घेतल्यानेही प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, हे १९९४ मध्ये मुंबईतूनच प्रसिद्ध झाले. यष्टीमधु दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत दिल्यास पोटॅशियम घटते, म्हणून लघवी वाढविणाऱ्या गोळ्या व डिगॉक्सिन घेणाऱ्यांत ते जपून वापरावे. थायरॉइडच्या गोळीबरोबर लोह वा मंडूर भस्म देऊ नये. परीक्षेच्याच दिवसांत खपणारे सारस्वतारिष्ट हे अरिष्ट असल्याने त्यात स्वयंजनित मद्यांश असतो. फिनोबार्बिटोनसारखी झोप आणणारी गोळी घेणाऱ्या मुलास ते देताना याचा विचार व्हावा.

विचारायचे कसे?

सारे येऊन थांबते ते एका प्रश्नापाशी : रुग्ण आणखी काय घेतो? हा प्रश्न सोपा नाही. अपस्मार हा आपल्या समाजात अजूनही लपविण्याचा रोग आहे. मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलाची नोकरी लागायची असते. मेडिकलच्या काउंटरवर चार माणसे उभी असताना "मिरगीची गोळी चालू आहे का?" असे विचारणाऱ्यास खरे उत्तर मिळणार नाही आणि गिऱ्हाईकही परत येणार नाही. आम्ही आमच्या ओळखीच्या दुकानदारांना एवढेच सुचवितो, की शंखपुष्पी, ब्राह्मी, त्रिकटु असलेले काही देताना साध्या आवाजात विचारावे, "रोजची कोणती गोळी चालू आहे काय? असली तर पाकीट दाखवून जा, मग देतो." रोगाचे नाव काढण्याची गरज नाही. पाकीटच बोलते. एप्टॉइन म्हणून लोक जी गोळी ओळखतात तिच्यावर फेनिटोइन हे नाव छापलेले असते.

वैद्यांना शरीरही काही सांगते. तरुण मुलाच्या हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या दिसल्या, आणि मुख अस्वच्छ नाही, तर फेनिटोइनची शंका घ्यावी. दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते एक प्रसिद्ध लक्षण आहे. मुलींत चेहऱ्यावर लव वाढणे हेही तसेच. अशा वेळी आईवडिलांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलावे, किंवा उलट. केसपेपरवर इतर औषधांसाठी वेगळी ओळ ठेवावी, आणि आपण काय दिले हे रुग्णाच्या आधुनिक डॉक्टरांच्या फाईलवर लिहून द्यावे. अकोल्यात असे लिहिलेले पाहून रागावलेला मेंदुविकारतज्ज्ञ आम्हांला अद्याप भेटला नाही. उलट एकदोघांनी फोन करून घटक विचारले.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. दोन औषधांत अर्ध्या-एक तासाचे अंतर ठेवले की झाले, असे आपण सर्रास सांगतो. गोदंती, शंखभस्म, मंडूर यांच्या बाबतीत पुरेसे अंतर उपयोगी पडते, कारण तेथे अडथळा पोटात होतो. शंखपुष्पी सिरप व पिप्पली यांच्या बाबतीत ते पुरेसे नाही. तेथील व्यवहार यकृतात व मेंदूत दिवसचे दिवस चालतो. सकाळी एक आणि रात्री एक दिले तरी भेट व्हायची ती होतेच.

संशय आल्यास नोंद करावी. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याची राष्ट्रीय योजना २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झाली. पुढे आयुष मंत्रालयाच्या योजनेखाली तिचे राष्ट्रीय समन्वय नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे आले. आधुनिक औषधांसाठी २०१० पासूनचा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधिसंहिता आयोगाकडे आहे, आणि त्याच्या अर्जात वनौषधी व स्वतःहून घेतलेली औषधे लिहिण्यासाठी रकाना आहे. आपली बाटली त्या रकान्यात लिहिली गेल्याने शास्त्राची बदनामी होते असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

शेवटी दोन सूचना, कारण खरा अपघात बहुधा येथेच होतो. शंखपुष्पी सुरू केली म्हणून किंवा वैद्याने अपस्मारावर चिकित्सा आरंभिली म्हणून फिटची गोळी एकाएकी बंद करणे हे झटक्यांची न थांबणारी मालिका ओढवून घेणे आहे. ती गोळी कमी करण्याचा निर्णय ज्याने लिहिली त्याचाच, आणि तोही हळूहळू. दुसरी सूचना सिरप बंद करण्याविषयी. मुलाने दोन-तीन महिने सिरप घेतले, मध्ये झटका आला, आणि सिरपची कल्पना नसलेल्या डॉक्टरांनी फेनिटोइनची मात्रा वाढविली, असे झाले असेल तर परीक्षा संपताच बाटली फेकून देऊन काम भागत नाही. सिरप थांबल्यावर पातळी पुन्हा चढू लागेल, आणि वाढविलेली मात्रा आता जास्त होईल. म्हणून बाटली थांबविण्याचा दिवस डॉक्टरांना कळवावा, दोन आठवड्यांच्या आत रक्तातील पातळी पाहून घ्यावी, आणि तोवर मुलास मोटारसायकल देऊ नये असे घरच्यांना स्पष्ट सांगावे.